नोकरीच्या अर्जासोबतचं पत्र: विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयटीआय, बारावी, पदवी, जीएनएम (नर्सिंगची पदविका), कृषी पदविका असं काही शिकून खाजगी कारखाना, संस्था, दवाखाना, शाळा किंवा पतसंस्थेत अर्ज करणाऱ्यांसाठी हे पान आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण चुका तिथंच जास्त होतात.

बायोडाटा जोडला आहे ना, मग वेगळं पत्र कशाला?

बायोडाटा सगळ्या नोकऱ्यांना एकच जातो. पत्र मात्र एकाच नोकरीसाठी असतं. बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्यात इलेक्ट्रिशियनची एक जागा निघाली, तर अर्ज चाळणाऱ्याला प्रत्येक बायोडाटात तेच दिसतं: दहावी, आयटीआय, एमएस-सीआयटी, छंद वाचन व क्रिकेट. यातला कोणता पोरगा रात्रपाळीत पॅनेल सांभाळेल, हे त्यावरून कळत नाही. ते पत्रात सांगायचं असतं.

पत्रात तीन गोष्टी आल्या की काम झालं. कोणत्या जागेसाठी अर्ज आहे. जाहिरातीत मागितलेल्यांपैकी कोणत्या दोन-तीन गोष्टी तुमच्याकडे आहेत आणि त्या कशावरून. आणि तुम्ही कधीपासून येऊ शकता, राहणार कुठं, फोन कोणत्या नंबरवर लागेल. बाकी सगळं बायोडाटात असू द्या.

तालुक्याच्या गावातलं कृषी सेवा केंद्र, मेडिकल किंवा कापड दुकान पत्र मागत नाही. तिथं सकाळी दुकान उघडल्यावर तासाभरानं, गर्दी नसताना समक्ष जाऊन भेटा.

सरकारी भरतीला हे पत्र लागतं का?

नाही. पोलीस, वनरक्षक, जिल्हा परिषद या भरत्यांत ऑनलाइन फॉर्म हाच अर्ज. अनुदानित शाळांतली शिक्षक भरती पवित्र पोर्टलवरून होते, तिथंही पत्राला जागा नाही. अंगणवाडी सेविका-मदतनीस पदांचा अर्ज बालविकास प्रकल्प कार्यालयात ठरलेल्या नमुन्यात द्यावा लागतो. कंत्राटी आरोग्य पदांच्या जाहिरातीत बहुतेक वेळा नमुना सोबतच दिलेला असतो. त्यात एक रकानाही बदलायचा नाही, आणि पाकिटावर पदाचं नाव लिहायला सांगितलं असेल तर ते ठळक लिहायचं. जोडपत्र लावायचंच झालं तर चार ओळींचं: पद, जाहिरात क्रमांक, सोबतच्या कागदांची यादी, सही. तिथं स्वतःचं कौतुक कोणी वाचत नाही. गुण, आरक्षण आणि कागदपत्रं यांवरच निकाल लागतो.

विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळा, खाजगी दवाखाने, कंपन्या, स्वयंसेवी संस्था, पतसंस्था, सूक्ष्म वित्त कंपन्यांच्या शाखा, जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारा कारखाना), डाळ मिल, राइस मिल अशा ठिकाणी पत्राचा खरा उपयोग होतो.

पत्र मराठीत लिहू की इंग्रजीत?

जाहिरात ज्या भाषेत, पत्र त्याच भाषेत. जाहिरात इंग्रजीत असेल आणि तुमचं इंग्रजी कच्चं असेल, तर साध्या छोट्या वाक्यांचं इंग्रजी पत्र द्या. एका वाक्यात बारापेक्षा जास्त शब्द आले की व्याकरण निसटायला लागतं. शिक्षण संस्था, पतसंस्था आणि गावपातळीवर काम करणाऱ्या संस्थांना मराठीच बरं. गोंदिया किंवा नागपूरकडच्या व्यापाऱ्यांशी बोलणं हिंदीत होतं, तरी कागद मराठी किंवा इंग्रजीतच चालतो.

शेतकऱ्यांशी बोलायचं काम असेल, म्हणजे फिल्ड असिस्टंट, वसुली अधिकारी किंवा आरोग्य समन्वयक, तर वऱ्हाडी येते हे एका ओळीत जरूर लिहा. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीकडं गोंडी किंवा माडिया येत असेल तर ते पहिल्याच परिच्छेदात आलं पाहिजे. बाहेरून आलेल्या कर्मचाऱ्याला ती भाषा शिकायला वर्ष लागतं, आणि संस्था चालवणाऱ्यांना हे ठाऊक असतं.

किती लांब हवं? मांडणी कशी?

ए-फोर कागदाची एक बाजू. दीडशे ते अडीचशे शब्द, तीन किंवा चार परिच्छेद. चारही बाजूंनी एक इंच समास. मराठी अक्षर १२ ते १४ आकाराचं, इंग्रजी ११ किंवा १२. रंगीत किनार, कोपऱ्यात गणपती, पाण्यासारखी पुसट नक्षी यातलं काही नको. फोटो बायोडाटावर असतो, पत्रावर लावू नका.

वर उजवीकडं तारीख. डावीकडं तुमचं नाव, मु., पो., ता., जि., पिन कोड, मोबाइल, ई-मेल. मग 'प्रति', त्याखाली विषय, संदर्भ, आणि पुढं मजकूर. शेवटी 'आपला विश्वासू' किंवा 'आपली विश्वासू', सही, आणि सगळ्यात खाली 'सोबत' लिहून कागदांची यादी. सही निळ्या शाईची असली की मूळ प्रत लगेच ओळखू येते.

कोणाच्या नावानं लिहू?

जाहिरातीत पद दिलं असेल तर तेच: 'मा. व्यवस्थापक', 'मा. मुख्याध्यापिका', 'मा. सचिव, अमुक शिक्षण संस्था'. नाव दिलं नसेल तर कारखान्यात एक फोन लावा आणि विचारा, 'साहेब, इलेक्ट्रिशियनच्या जागेचा अर्ज कोणाच्या नावानं करू?' दोन मिनिटांचं काम आहे. अंदाजानं नाव टाकू नका. मागच्या वर्षी सोडून गेलेल्या साहेबाच्या नावानं आलेलं पत्र पाहून वाचणाऱ्याला एवढंच कळतं की याला इथलं काही माहीत नाही. मॅडम आहेत हे ठाऊक असेल तर 'महोदया' लिहा. नक्की नसेल तर 'महोदय/महोदया' चालतं. भाऊ, दादा, ताई बोलताना ठीक, कागदावर नको.

सुरुवात कशी करू? 'उपरोक्त विषयान्वये विनंती अर्ज सादर करतो की' हे चालतं ना?

चालतं, पण त्यात काही सांगितलेलं नसतं. विषयात पद लिहून झालंय, पहिल्या वाक्यात तेच परत कशाला? पहिलं वाक्य थेट कामाचं ठेवा: 'मी वीजतंत्री शाखेतून आयटीआय केलं असून महावितरणच्या उपविभागात एक वर्षाची ॲप्रेंटिसशिप पूर्ण केली आहे.' एवढं वाचलं की माणूस पुढं वाचतो.

'मी मेहनती, प्रामाणिक व होतकरू आहे' हे वाक्य काढूनच टाका. चोरही तेच लिहील. प्रामाणिकपणा दाखवायचाच असेल तर कोणी तुमच्या हाती पैसे किंवा किल्ल्या सोपवल्या होत्या ते लिहा: 'दोन हंगाम अडत दुकानात रोजची रोकड मोजून बँकेत भरण्याचं काम केलं.'

नोकरीचा अनुभव शून्य आहे. फक्त घरची शेती केली. काय लिहू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याकडं बहुतेक वेळा लिहिण्यासारखं भरपूर असतं. अडचण अशी की 'घरी शेती करतो' या तीन शब्दांत तो ते सगळं गुंडाळून टाकतो. वाचणाऱ्याला ते 'काही करत नाही' असंच दिसतं.

शेतीतलं काम उलगडून लिहायचं, पण समोरच्या नोकरीला लागेल तेवढंच. कापसाच्या बियाण्याच्या कंपनीत फिल्ड असिस्टंटची जागा आहे असं धरू. तिथं हे लिहा: 'घरच्या पाच एकर कोरडवाहू शेतीत कपाशी व तूर घेतो. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावून रोजच्या पतंगांची नोंद वहीत ठेवली. फवारणीची तारीख, औषध आणि प्रमाण यांचीही नोंद आहे.' (कामगंध सापळा म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढून पकडणारा सापळा.) या तीन ओळींत पीक आलं, कीड आली, मोजमाप आलं आणि लिहून ठेवायची सवयही आली. मुलाखतीला ती वही घेऊन जा. साहेब विचारतील की किती पतंग आले म्हणजे फवारणी करायची, आणि सलग तीन दिवस सापळ्यात रोज आठ किंवा जास्त, हे उत्तर तोंडावर पाहिजे. पत्रात लिहिलं आणि तोंडी आलं नाही, तर तीच ओळ अंगावर येते.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यामुळे हातमोजे, मास्क, चष्मा लावून फवारणी केली, मजुरांनाही किट दिलं, हे खरं असेल तर कीटकनाशक कंपनीच्या अर्जात ते मुद्दाम लिहावं.

तोच पोरगा जिनिंगमध्ये वजनकाट्यावर क्लार्क म्हणून अर्ज करत असेल, तर सापळे बाजूला ठेवायचे. तिथं लिहायचं की बाजार समितीत कापूस आणि सोयाबीन विकताना काटापट्टी, ओलावा, अडत, हमाली, तोलाई यांचा हिशेब स्वतः तपासतो, आणि घरच्या मजुरीचे हप्ते मोबाइलवर एक्सेलमध्ये मांडतो. कापसात ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव का तुटतो आणि १२ च्या वर गाडी का परत जाते, हे माहीत असेल तर ते एका वाक्यात येऊ द्या. ट्रॅक्टर चालवता येत असेल तर परवाना कोणत्या प्रकारचा आहे ते लिहा, नुसतं 'ड्रायव्हिंग येते' नको.

कंपनी शेतीशी संबंधित नसेल तर शेती एका वाक्यात आटपा आणि ठिबकची जोडणी, पंपाचा स्टार्टर, वेल्डिंग यातलं जे हातानं येतं ते पुढं आणा.

मी गृहिणी आहे, फक्त बचत गट सांभाळला आहे. ते चालेल का?

ताई, ते 'फक्त' आधी काढा. पतसंस्था, सूक्ष्म वित्त कंपनी किंवा ग्रामीण संस्थेला याच कामाचा माणूस हवा असतो. गटात किती जणी, दर आठवड्याची बचत किती, वही कोण लिहितं, बँकेचं कर्ज किती मिळालं, हप्ते वेळेवर गेले का, हे आकड्यांत लिहा: 'बारा महिलांच्या गटाची सचिव म्हणून तीन वर्षं बैठकीचं इतिवृत्त, बचत व कर्जाची वही लिहिते. गटाला मिळालेलं बँक कर्ज मुदतीत फेडलं.' आकडे तुमच्या वहीतलेच असू द्या. उमेद अभियानात सीआरपी (गावोगावच्या गटांना मदत करणारी समुदाय संसाधन व्यक्ती) म्हणून काम केलं असेल तर किती गावं आणि किती गट ते लिहा. अशा जागांना दुचाकी आणि परवाना विचारतातच. असेल तर लिहा, शिकत असाल तर शिकाऊ परवान्याची तारीख लिहा.

चार वर्षं भरतीच्या तयारीत गेली. तो खड्डा कसा झाकू?

झाकू नका. विदर्भात अर्ज वाचणाऱ्या माणसाच्या घरातही पोलीस भरती किंवा एमपीएससी करणारा कोणीतरी असतोच, त्याला दोन ओळींत कळतं. एक वाक्य पुरतं: '२०२१ ते २०२४ या काळात पोलीस भरतीची तयारी केली, सोबत घरची शेती पाहिली.' त्याच्या शेजारी आणखी एक वाक्य हवंच, आणि तेच जास्त महत्त्वाचं: 'आता खाजगी क्षेत्रातच काम करायचं ठरवलं आहे.' मालकाला धाकधूक असते की जाहिरात आली की हा पोरगा पुन्हा मैदानावर जाईल. ते वाक्य खरं असेल तरच लिहा. तयारी अजून सुरू असेल तर त्यावर गप्प राहणं परवडलं.

सुरक्षा रक्षक, अग्निशमन, गोदाम अशा जागांना मैदानाची तयारी उलट उपयोगी पडते. १६०० मीटरची तुमची वेळ लिहा.

टक्के कमी आहेत, एक वर्ष नापासही झालो होतो.

पत्रात टक्के लिहायची गरज नाही, ते बायोडाटात आहेत. जाहिरातीत ६० टक्क्यांची अट आहे आणि तुमचे ५७ आहेत, तर खाजगी जागेला अर्ज जरूर करा आणि कामाचा पुरावा पुढं ठेवा. सरकारी जागेला तो अर्ज छाननीतच बाद होतो. टक्के वाढवून सांगू नका, रुजू होताना मूळ गुणपत्रिका पाहतात.

घरची परिस्थिती लिहू का?

'घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची असून मी घरातील एकमेव कमावता आहे, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.' हे वाक्य इकडच्या अर्जांत फार दिसतं. परिस्थिती खरी असते, प्रश्न तो नाही. पण जागा कामासाठी निघालेली असते, आणि असं लिहिणाऱ्याला पगार कमी देऊन राबवता येईल असंही काही जण ताडतात. संस्थेच्या जाहिरातीतच शेतकरी कुटुंबातल्या उमेदवारांना प्राधान्य असं नमूद असेल, तर त्याचा दाखला जोडून एका ओळीत लिहा. नाहीतर ते वाक्य खोडा.

जात, धर्म, उंची, रंग, रास हेही खाजगी नोकरीच्या कागदावर नको. पुष्कळदा सेतू केंद्रावर लग्नाच्या बायोडाटाचीच फाइल उघडून त्यात नोकरीचा मजकूर भरतात आणि 'अपेक्षा' हा रकाना तसाच राहून जातो.

गाव दूर आहे. पत्ता पाहूनच अर्ज बाजूला ठेवतात का?

ठेवतात, आणि त्याला कारणंही आहेत. दोन गोष्टींची धास्ती असते: रोजचं येणं-जाणं, आणि पेरणी व सोंगणीच्या दिवसांतली गैरहजेरी. जून-जुलैत आणि सोयाबीन निघायच्या वेळी ऑक्टोबरात गावाकडची पोरं न सांगता आठ-आठ दिवस दिसत नाहीत, असा मालकांचा अनुभव असतो. दोन्हींचं उत्तर तुम्हीच आधी द्या. 'निवड झाल्यास हिंगण्यात खोली घेऊन राहीन' किंवा 'गाव कारखान्यापासून १८ किलोमीटर असून स्वतःची दुचाकी आहे, रात्रपाळी चालेल.' शेती भाऊ किंवा वडील पाहत असतील तर तेही सांगा: 'घरची शेती मोठा भाऊ पाहतो, त्यामुळे हंगामात रजेची अडचण नाही.' शहरातल्या उमेदवाराला हे वाक्य लागत नाही, तुम्हाला लागतं. हा अन्याय आहे, पण एका ओळीत मिटतो.

एसटीच्या भरवशावर सकाळी सहाची पाळी धरू नका. पहिली गाडी किती वाजता पोहोचते ते आधी पाहा.

एक पूर्ण नमुना मिळेल का?

जिनिंग-प्रेसिंगमधल्या इलेक्ट्रिशियनच्या जागेसाठीचा हा घ्या. कंसातलं तुमचं भरा. आकडे मात्र उतरवू नका, स्वतःचे घाला.

प्रति,
मा. व्यवस्थापक,
(कारखान्याचं नाव), हिंगणघाट, जि. वर्धा

विषय: इलेक्ट्रिशियन पदासाठी अर्ज
संदर्भ: (वर्तमानपत्राचं नाव), दि. (तारीख) ची जाहिरात

महोदय,

मी वीजतंत्री शाखेतून आयटीआय उत्तीर्ण असून महावितरणच्या उपविभागात एक वर्षाची ॲप्रेंटिसशिप पूर्ण केली आहे. आपल्याकडील इलेक्ट्रिशियनच्या जागेसाठी हा अर्ज करत आहे.

जाहिरातीत थ्री-फेज मोटर व स्टार्टरचं काम मागितलं आहे. गेली दोन वर्षं मी परिसरातील ५ आणि ७.५ एचपी कृषिपंपांच्या मोटरी, स्टार-डेल्टा स्टार्टर व पॅनेल दुरुस्त करतो. बिघाड मीटरवर तपासून मगच सुटा भाग बदलतो.

जिनिंगमध्ये सैल जोडणीची एक ठिणगी ढिगापर्यंत गेली तर आग लागते, याची जाणीव आहे. पाळी सुरू होण्यापूर्वी टर्मिनल घट्ट करणं, पॅनेलवरचे रुईचे तंतू साफ करणं आणि अर्थिंग तपासणं ही कामं मी नोंदवहीत लिहून करेन.

हंगामभर हिंगणघाटात राहण्याची व रात्रपाळीची तयारी आहे. (तारीख) पासून रुजू होऊ शकतो. प्रात्यक्षिक चाचणीसाठी आपण सांगाल त्या दिवशी हजर राहीन.

आपला विश्वासू,
(सही, नाव, मोबाइल)

सोबत: बायोडाटा, आयटीआय प्रमाणपत्र, ॲप्रेंटिस प्रमाणपत्र (छायाप्रती)

यातला तिसरा परिच्छेद बाकीच्या अर्जांत नसतो. तुमच्या अर्जातही त्याच जागी त्या धंद्याची खरी भीती यायला हवी. राइस मिलमध्ये ती धुळीची आणि पट्ट्याची असते, दवाखान्यात औषधाच्या डोसाची, शाळेत वर्ग हाताबाहेर जाण्याची, पतसंस्थेत रोकड कमी भरण्याची. ती कळत नसेल तर तिथं काम करणाऱ्या कोणाला तरी चहाला बोलवा आणि विचारा.

पत्र पाठवायची वेळही सांभाळा. जिनिंगला वेग दिवाळीच्या आसपास येतो, माणसं त्याआधी ठरतात. सप्टेंबरात गेलेला अर्ज डिसेंबरातल्या अर्जापेक्षा कामाचा.

अपेक्षित पगार लिहायचा का?

विचारला असेल तरच. लिहिताना हातात येणारा की एकूण, ते स्पष्ट करा. पीएफसाठी (भविष्य निर्वाह निधी) मूळ पगाराच्या १२ टक्के कापले जातात, आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर आणखी एकूण पगाराच्या ०.७५ टक्के. त्यात खोलीभाडं आणि डबा धरून हिशेब करा, मग आकडा टाका. 'आपण द्याल तो' असं लिहिलं तर ते देतील तोच मिळेल.

आमदार साहेबांचं किंवा सरपंचांचं शिफारसपत्र जोडू का?

अर्जासोबत नको. कंपनीच्या माणसाला त्यात दबावाचा वास येतो. त्याऐवजी तुमचं काम पाहिलेल्या दोघांची नावं आणि नंबर त्यांना विचारून बायोडाटात द्या: आयटीआयचे निदेशक, ॲप्रेंटिस असतानाचे अभियंता, अडत दुकानाचे मालक. त्यांना आधी सांगून ठेवा की फोन येऊ शकतो. कंपनीत काम करणाऱ्या गावच्या कोणी जागेची माहिती दिली असेल, तर त्याच्या परवानगीनं पत्रात नाव लिहायला हरकत नाही.

सेतू केंद्रावर टाइप करून घेतलं, कंपनीत उघडलं तर सगळी भलतीच अक्षरं. असं का?

क्रुतीदेवमुळं. तो फॉन्ट समोरच्या संगणकावर नसेल तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. दोन उपाय आहेत. टाइप करणाऱ्याला युनिकोडमध्ये, म्हणजे मंगल किंवा निर्मला फॉन्टमध्ये करायला सांगा, किंवा झालेली फाइल पीडीएफ करून घ्या. ई-मेलच्या मजकुरात क्रुतीदेव कधीच चिकटवू नका. पीडीएफ केल्यावर ती स्वतःच्या मोबाइलवर उघडून पाहा. तिथं नीट दिसली तर बहुतेक सगळीकडं दिसते.

केंद्रावरून उठण्याआधी वर्डची फाइलही स्वतःच्या ई-मेलवर घ्या, म्हणजे पुढच्या वेळी चार ओळी बदलायला पुन्हा पूर्ण टायपिंगचे पैसे नकोत. तुमचं जीमेल तिथं उघडलं असेल तर बाहेर पडा आणि आधारची स्कॅन प्रत डेस्कटॉपवरून पुसून घ्या.

नावाचं स्पेलिंग इथंच तपासा. गुणपत्रिकेवर वानखडे, आधारवर वानखेडे, आणि पत्रात तिसरंच, असं झालं की रुजू होताना अडतं. पत्रात दहावीच्या गुणपत्रिकेवरचंच नाव लिहा, आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या.

ई-मेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कसं पाठवायचं?

ई-मेलचा विषय कोरा सोडू नका: पदाचं नाव, तुमचं नाव, तालुका. पत्राचा मजकूर मेलमध्ये लिहा आणि तोच पीडीएफ करून बायोडाटासोबत जोडा. फाइलला तुमचं नाव आणि पद द्या. 'बायोडाटा न्यू फायनल २' नावाच्या फायली साहेबांकडं आधीच पन्नास असतात. सगळं मिळून २ एमबीच्या आत ठेवा. कागदाचा फोटो काढायचा तर स्कॅनिंग ॲपनं, सावली पडणार नाही अशा उजेडात.

व्हॉट्सअ‍ॅपवर आधी दोन ओळी, मग पीडीएफ. 'हाय सर' टाकून उत्तराची वाट पाहत बसू नका. डीपीवर बैलजोडी असली तर हरकत नाही, हातात तलवार घेतलेला फोटो काढा.

हातानं लिहिलेलं चालेल?

गावच्या शाळेत, संस्थेत समक्ष द्यायचं असेल तर चालतं. अक्षर सुवाच्य, कोरा पांढरा कागद, खाडाखोड नाही. शिक्षिकेच्या जागेला चांगलं हस्ताक्षर हा गुणच आहे. कंपनीला मात्र टाइप केलेलंच द्या.

पोस्टानं पाठवायचं तर?

२०२५ मध्ये टपाल खात्यानं रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये सामावून घेतली आहे, त्यामुळं काउंटरवर स्पीड पोस्टच मागा. पावती जपा. तिच्यावरच्या क्रमांकावरून पत्र पोहोचलं का ते पाहता येतं. पत्र शेवटच्या तारखेपर्यंत पोहोचलं पाहिजे की नुसतं टाकलं तरी चालतं, हे जाहिरातीत नीट वाचा. बहुतेक ठिकाणी पोहोचणंच धरतात.

मोबाइलवरच्या एआयकडून पत्र लिहून घेतलं तर कळतं का?

कळतं. दहा जणांची पत्रं एकाच साच्यातली येतात, आणि कपाशीच्या शेतातला पोरगा अचानक 'गतिशील कार्यसंस्कृतीत योगदान देण्यास उत्सुक' असतो. मुलाखतीत त्याच ओळीचा अर्थ विचारतात. आधी स्वतः कच्चं लिहा, मग शुद्धलेखन सुधारायला किंवा इंग्रजी तपासायला ते वापरा. परत आलेल्या मजकुरात तुम्ही न सांगितलेला अनुभव घुसला आहे का, हे ओळीओळीनं पाहा.

पाठवून झालं. फोन कधी करू?

सात-आठ दिवसांनी एकदा, सकाळी अकराच्या सुमारास. नाव, पद, अर्जाची तारीख सांगा आणि पोहोचला का एवढंच विचारा. रोज फोन नको. तुमचा रिचार्ज मात्र संपू देऊ नका, नाहीतर येणारे फोनही बंद होतात. शेतात रेंज नसेल तर घरातल्या कोणाचा दुसरा नंबर पत्रात द्या आणि त्या माणसाला सांगून ठेवा की नागपूरहून फोन आला तर 'राँग नंबर' म्हणून ठेवायचा नाही.

निवड झाली म्हणून फोन आला, ड्रेस आणि ट्रेनिंगचे तीन हजार मागतात. भरू का?

भरू नका. नोकरी देणारा उमेदवाराकडून आगाऊ पैसे घेत नाही. कंपनीच्या वेबसाइटवरचा किंवा गेटवरचा नंबर शोधून तिथं विचारा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, जितकं लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. आणि पत्रात किंवा बायोडाटात आधार क्रमांक, पॅन, बँक खातं कधीही लिहू नका. आधारची प्रत मागितलीच तर शेवटचे चारच आकडे दिसणारी मास्क केलेली प्रत द्या. मूळ गुणपत्रिका पोस्टानं पाठवायची नाही आणि कोणाकडं ठेवायलाही द्यायची नाही. दाखवायची, आणि परत घेऊनच उठायचं.